बीमभोवतीची पिवळी कड दर लॉटला परत येते, तेव्हा काय तपासायचं

तक्रार ठरलेली असते. स्पॉटलाइट पांढऱ्या भिंतीवर टाकला की मधोमध स्वच्छ पांढरा प्रकाश पडतो आणि बीम संपतो तिथे पिवळसर, कधी मळकट हिरवट-पिवळं वलय दिसतं. लेन्स बदलली की कमी होतं. डिफ्यूजर फिल्म लावली की जवळजवळ जातं. मग एलईडीचा पुढचा लॉट येतो, बिन (रंगानुसार पाडलेला गट) तोच, पार्ट नंबर तोच, आणि वलय पुन्हा हजर. लेन्सवाला एलईडीवाल्याकडे बोट दाखवतो, एलईडीवाला लेन्सवाल्याकडे. दोघांच्या डेटाशीटमध्ये सगळं ठीकच असतं, आणि खरं सांगायचं तर दोघंही खोटं बोलत नसतात.

पिवळी कड हे एकच लक्षण आहे, पण त्यामागे निदान दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात. फिल्म त्या दोन्हींवर पांघरूण घालते, घालवत एकालाही नाही. कारण कोणतं हे न ठरवता इलाज केला तर पुढच्या बदलाला कड परत येणारच. इथे मी टीआयआर लेन्स (बाजूच्या भिंतीवरून प्रकाश आतल्या आत परावर्तित करून पुढे वळवणारी) आणि सीओबी (एकाच तळावर बसवलेल्या अनेक चिपा) किंवा हाय-पॉवर एलईडी ही जोडी धरून लिहितोय, बीम साधारण १० ते ४० अंशांचा. रिफ्लेक्टरबद्दल पुढे थोडं आहे.

पिवळा रंग येतो कुठून

बहुतेक पांढऱ्या एलईडीत चिप निळीच असते, साधारण ४५० नॅनोमीटरची. तिच्यावर फॉस्फरचा थर असतो, बहुधा सेरियम मिसळलेला यॅग (यिट्रियम-अॅल्युमिनियम गार्नेट). काही निळा प्रकाश थरातून तसाच बाहेर पडतो, काहीचं पिवळ्यात रूपांतर होतं, आणि दोन्ही मिळून पांढरं दिसतं. या दोघांचं प्रमाण सगळीकडे सारखं असेल ही अपेक्षा आपण धरतो. ती दोन ठिकाणी फसते.

पहिलं ठिकाण कोनाचं. चिपमधून सरळ वर जाणारा निळा किरण थर सर्वात कमी अंतरात पार करतो. ६० अंशांनी तिरका जाणारा किरण भूमितीच्या हिशेबाने त्याच थरात दुप्पट अंतर चालतो, म्हणून त्यातला जास्त निळा पिवळ्यात बदलतो. फॉस्फरचे कण प्रकाश विखुरतात, त्यामुळे प्रत्यक्षात फरक इतका ढळढळीत नसतो, पण कल तोच राहतो: अक्षाजवळचा प्रकाश निळसर, बाजूचा पिवळसर.

दुसरं ठिकाण जागेचं. सीओबीमध्ये चिपांभोवती गोल बांध घालून आत फॉस्फर मिसळलेलं सिलिकोन ओततात. शेवटची चिप आणि बांध यांच्यात थोडी रिकामी पट्टी उरते. तिथे फॉस्फर आहे, खाली चिप नाही. शेजारून आलेल्या निळ्यावर तो पट्टा पिवळा चमकतो. म्हणजे स्रोताची स्वतःचीच कड पिवळी. करंट अगदी कमी करून, गडद काचेतून सीओबीकडे पाहिलं तर चिपांचे ठिपके आणि त्यांच्याभोवतीची पिवळी किनार स्पष्ट दिसते.

लेन्स यात काय करते? कोनाचा दोष ती वेगवेगळ्या भागांतून वेगवेगळ्या ठिकाणी नेऊन टाकते. जागेचा दोष ती सरळ भिंतीवर छापते, कारण लांबवरचा बीम म्हणजे बऱ्याच अंशी स्रोताची मोठी केलेली प्रतिमाच असते. स्रोताची कड जाऊन बसते बीमच्या कडेवर.

बिनच्या आकड्यावर भरवसा का ठेवता येत नाही, तेही इथेच कळतं. बिन ठरवताना एलईडीचा सगळ्या दिशांचा प्रकाश एकत्र करून त्याचा रंग मोजतात. मधला निळसरपणा आणि बाजूचा पिवळेपणा एकमेकांना भागून सरासरी बरोबर येते. फॉस्फर घालायची पद्धत बदलली, थर जाड झाला, चिपा थोड्या आत सरकल्या, तरी सरासरी तीच ठेवता येते. त्यामुळे ‘बिन तोच आहे’ हा युक्तिवाद या तक्रारीत निरुपयोगी आहे.

आधी भिंत नीट लावा

चाचण्यांआधी दोन गोष्टी सांभाळा. भिंतीचं अंतर लेन्सच्या व्यासाच्या किमान १५ पट हवं. ५० मिलिमीटरच्या लेन्सला ते ७५ सेंटिमीटर होतं. मी दोन मीटरवर पाहतो, कारण जवळून पाहिलं की लेन्सचे भाग एकमेकांत मिसळायच्या आधीचंच चित्र दिसतं आणि मग नसलेल्या वलयाच्या मागे माणूस धावतो. भिंतीऐवजी मॅट पांढरा मोठा कागद असला तर उत्तम.

दुसरी गोष्ट कॅमेरा. फोनचा कॅमेरा ऑटोवर ठेवला तर तो प्रत्येक फोटोत व्हाइट बॅलन्स बदलतो आणि आधी-नंतरची तुलना मातीमोल होते. व्हाइट बॅलन्स एका आकड्यावर कुलूपबंद करा आणि एक्स्पोजर इतकं खाली आणा की बीमचा मध्य जळून पांढरा होणार नाही. डोळ्यावर फार विसंबू नका. दहा मिनिटं पिवळ्या कडेकडे टक लावून बसलं की डोळा तिला पांढरी मानायला लागतो. (ग्राहक मात्र ताज्या डोळ्यांनी येतो.)

रंगमापक असेल तर १९७६ च्या सीआयई रंग-आकृतीतले यू-प्राइम आणि व्ही-प्राइम, म्हणजे रंगाची जागा सांगणारे दोन आकडे, वाचा. पिवळेपणा मुख्यतः व्ही-प्राइम वाढण्यात दिसतो. मध्यावर एक वाचन, तीव्रता निम्मी होते तिथे एक, दहा टक्क्यांवर येते तिथे एक. आपण ज्याला बीम अँगल म्हणतो तो निम्म्या तीव्रतेचा. दहा टक्क्यांचा तो फील्ड अँगल, आणि कड बहुतेक वेळा या दोघांच्या मधे लपलेली असते. या आकृतीत ‘एक पायरी’ म्हणजे ०.००११ त्रिज्येचं वर्तुळ धरतात, त्यामुळे चार पायऱ्या ०.००४४ झाल्या. मध्य आणि कड यांच्यातला फरक एवढ्यात राहिला तर सामान्य भिंतीवर सहसा कोणी ओरडत नाही. दुपटीवर गेला की हमखास ओरडतात. हा माझा कामचलाऊ निकष आहे. फरक हळूहळू वाढत गेला तर थोडा जास्तही खपतो, आणि दोन-तीन अंशांत एकदम उडी मारली तर त्याहून कमीही डोळ्यांत खुपतो.

चार चाचण्या, ज्यात महागडं काही नाही

लेन्स काढा आणि नुसता एलईडी लावा. एकाच अंतरावरून ०, ३०, ६० आणि ७५ अंशांवर रंग मोजा. कोन वाढेल तसा व्ही-प्राइम चढत गेला तर कोनाचा दोष आहे, आणि किती आहे तेही कळलं. मापक नसेल तर एलईडीभोवती पांढरा कागद कमानीसारखा वाकवून उभा धरा. टोकाला आणि मध्यावर पडलेल्या प्रकाशातला फरक नुसत्या नजरेलाही दिसतो.

मग एक साधं बहिर्गोल भिंग घ्या आणि उघड्या एलईडीची प्रतिमा भिंतीवर स्पष्ट होईपर्यंत पुढे-मागे करा. करंट कमीच ठेवा. प्रतिमेला पिवळी किनार दिसली तर जागेचा दोष आहे. सगळी प्रतिमा एकसारखी असेल तर त्या बाजूची काळजी सोडा. ही चाचणी दोन मिनिटांची आहे, आणि ती न करता लोक साचे दुरुस्त करायला पाठवतात याचं मला दर वेळी नवल वाटतं.

तिसरी चाचणी सर्वात जास्त सांगून जाते. टीआयआर लेन्सचे दोन वेगळे रस्ते असतात. मधला छोटा भिंगासारखा भाग अक्षापासून साधारण ३५ ते ४० अंशांपर्यंतचा प्रकाश वळवतो. उरलेला प्रकाश बाजूच्या भिंतीवर जातो आणि पूर्ण आंतरिक परावर्तनाने पुढे वळतो. सपाट एलईडीचा प्रकाश कोनानुसार कोसाइनने कमी होतो असं धरलं तर ४० अंशांच्या आत ४१ टक्के आणि बाहेर ५९ टक्के प्रकाश असतो. आता लेन्सच्या पुढच्या तोंडावर मधल्या भागाएवढी काळी चकती चिकटवा आणि भिंत बघा. मग चकती काढून बाहेरच्या भागावर काळी कागदी रिंग ठेवा आणि पुन्हा बघा. कड कोणत्या रस्त्याने येते ते समोर दिसेल.

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. कड बीमच्या बाहेरच्या बाजूला आहे म्हणजे ती लेन्सच्या बाहेरच्या भागातून येत असणार, असं वाटतं. हिशेब करून बघा. स्रोत ९ मिलिमीटरचा, मधला भाग त्यापासून १२ मिलिमीटरवर आणि बाजूच्या भिंतीचा वरचा भाग २५ मिलिमीटरवर असा धरू. १२ मिलिमीटरवरून स्रोताची अर्धी रुंदी सुमारे २१ अंशांची दिसते, २५ वरून १० अंशांची. म्हणजे स्रोताची मोठी, पसरट प्रतिमा मधला भाग टाकतो आणि बाजूची भिंत बीमचा घट्ट गाभा बनवते. बीमच्या कडेला जे काही आहे ते बऱ्याचदा मधल्या भिंगातूनच आलेलं असतं आणि ते असतं स्रोताच्या किनाऱ्याचं चित्र. अशा वेळी बाजूच्या भिंतीचा आकार कितीही घासत बसलात तरी कड ढिम्म हलत नाही.

याला एक अपवाद आहे: भिंतीचा अगदी खालचा, एलईडीला चिकटून असलेला भाग. त्याच्या वाट्याला सर्वात तिरके, म्हणजे सर्वात पिवळे किरण येतात, आणि तो स्रोताच्या जवळ असल्याने त्याची प्रतिमाही पसरट असते. मध्य झाकूनही कड उरली तर हा भाग संशयित आहे. ७५ अंशांपलीकडे एकूण प्रकाशाच्या सुमारे ७ टक्केच असतो, त्यामुळे एलईडीभोवती छोटी काळी कागदी कॉलर उभी करून तेवढे किरण अडवून पाहता येतात. कड गेली तर गुन्हेगार सापडला.

चौथी चाचणी उंचीची. लेन्सखाली ०.२ मिलिमीटरच्या पातळ चकत्या एकेक घालत जा, आणि होल्डरमध्ये जागा असेल तर उलट्या दिशेनेही बघा. पिवळी कड कमी-जास्त झाली, पण पिवळीच राहिली तर फॉस्फरचा मामला आहे. कडेचा रंग निळ्याकडून नारिंगीकडे पलटला तर तो फॉस्फरचा दोष नाही, काचेच्या किंवा प्लास्टिकच्या अपस्करणाचा, म्हणजे रंग वेगवेगळे वळण्याचा आहे. पॉलिकार्बोनेटचा अॅबे आकडा (जितका कमी तितकं अपस्करण जास्त) ३० च्या आसपास असतो, पीएमएमएचा (अॅक्रिलिकचा) ५७-५८, त्यामुळे पॉलिकार्बोनेटमध्ये हा प्रकार ठळक दिसतो. लेन्सचं मटेरियल बदलून बघणं हा त्यावरचा पहिला उपाय.

कडेसारखं दिसणारं, पण कड नसलेलं

एका बाजूलाच चंद्रकोरीसारखा पिवळा पट्टा असेल तर एलईडी आणि लेन्सचा मध्य जुळलेला नाही. लेन्स ९० अंश फिरवा. कोर लेन्सबरोबर फिरली तर लेन्स किंवा तिचे पाय वाकडे, तिथेच राहिली तर एलईडी बोर्डावर सरकलेला. बीम चौकोनी दिसतो किंवा मधोमध काळसर फुली दिसते तेव्हा चार चिपांच्या पॅकेजची प्रतिमा पडतेय. तो फोकसचा प्रश्न आहे, रंगाचा नाही. आणि दिवा बराच काळ वापरल्यावर संपूर्ण बीमच पिवळा झाला असेल तर लेन्सचं प्लास्टिक पिवळं पडलंय का ते पांढऱ्या कागदावर ठेवून पाहा. पॉलिकार्बोनेटला ही खोड आहे.

रिफ्लेक्टरवाल्यांसाठी एवढंच: तुमचं गणित उलटं चालतं. तोंडाचा व्यास ५० आणि खोली २५ मिलिमीटर असेल तर ४५ अंशांच्या आतला, म्हणजे निम्मा प्रकाश रिफ्लेक्टरला न शिवताच बाहेर जातो आणि निळसर पसरट शिंतोडा बनतो. बाजूचा पिवळसर प्रकाश परावर्तित होऊन बीमचा मध्य बनवतो. त्यामुळे तिथे तक्रार ‘मध्य पिवळा, कड थंड’ अशी येते.

इलाज, ज्या क्रमाने मी करतो

सर्वात आधी उंची. दर लॉटला परत येणाऱ्या कडेचं सर्वात नीरस आणि सर्वात सामान्य कारण हेच आहे. लेन्सच्या ड्रॉइंगवर फोकसची उंची लिहिलेली असते, पण कुठून मोजलेली? बोर्डाच्या पृष्ठभागापासून, सीओबीच्या तळापासून की फॉस्फरच्या वरच्या पातळीपासून? एलईडीची नवी आवृत्ती आली, तिचा तळ ०.३ मिलिमीटरने पातळ निघाला, होल्डर मात्र जुनाच राहिला, की फॉस्फरची पातळी लेन्सपासून तेवढीच दूर गेली. पार्ट नंबरमध्ये एक अक्षर बदललेलं असतं आणि खरेदी विभागाला ते ‘सेम टू सेम’ वाटतं. उंची नेहमी फॉस्फरच्या पातळीपासून मोजा आणि ड्रॉइंगवर तसंच लिहा. ०.२ च्या चकत्यांची चाचणी केली असेल तर तुमच्या लेन्सला किती टॉलरन्स परवडतो ते तुम्हाला आधीच कळलेलं आहे.

जागेचा दोष मधल्या भिंगातून येत असेल तर फक्त मधल्या भागाचा प्रकाश थोडा पसरवायचा. हा माझा सर्वात आवडता उपाय आहे, कारण बीमचा गाभा बाजूची भिंत सांभाळत असते आणि तिला हात लागत नाही. आधी नमुना करा: डिफ्यूजर फिल्मची छोटी गोल चकती कापा, लेन्सच्या तोंडावर मधोमध चिकटवा आणि बघा. जमलं तर साच्यात तेवढ्याच भागाला टेक्स्चर द्या किंवा तिथे छोट्या उशांसारख्या सूक्ष्म-लेन्स घाला. टेक्स्चर व्हीडीआय ३४०० या साच्याच्या खडबडीतपणाच्या मानकाच्या क्रमांकाने सांगतात: १८ म्हणजे खडबडीतपणा सुमारे ०.८ मायक्रॉन, २४ म्हणजे सुमारे १.६. हलक्यापासून सुरुवात करा. साचा आणखी खरखरीत करणं सोपं, पुन्हा आरशासारखा घासून काढणं जिकिरीचं. सूक्ष्म-लेन्सचा फायदा असा की त्या ठरवलेल्या कोनातच पसरवतात. टेक्स्चरमुळे थोडा प्रकाश लांबवर उडतो आणि दिवा बाजूने पाहिला की डोळ्यांवर चकाकतो.

लेन्सच्या बाजूच्या भिंतीच्या खालच्या भागातून येणाऱ्या पिवळ्या किरणांचा इलाज वेगळा. ते अडवले तर सुमारे ७ टक्के प्रकाश जातो, आणि काही वेळा तो सौदा मान्यही असतो. नवीन लेन्स काढत असाल तर अधिक चांगली वाट आहे. खालच्या भागाचा आकार असा बदला की त्याचे किरण बीमच्या कडेला न जाता मध्यावर पडतील. मध्यावर निळसर प्रकाश भरपूर असतो, त्यात हे पिवळे किरण विरघळून जातात. आमटीत मीठ जास्त झालं तर आपण ते वेचून काढत नाही, पाणी वाढवतो, इथेही तसंच. प्रकाश वाया जात नाही आणि कडही मावळते.

होल्डरचा रंग दुर्लक्षित राहतो. लेन्सच्या प्रत्येक पृष्ठभागावरून थोडा प्रकाश मागे परततो, सरळ पडलेल्या किरणांसाठी पीएमएमएला सुमारे ४ टक्के आणि पॉलिकार्बोनेटला ५. परतलेला निळा पुन्हा फॉस्फरवर पडतो आणि पिवळा होऊन बाहेर येतो, किंवा पांढऱ्या होल्डरवरून उसळून भलत्याच कोनाने लेन्समध्ये शिरतो. पांढऱ्याच्या जागी काळा होल्डर लावून एकदा बघा. ल्युमेन थोडे कमी होतात, पण निदानासाठी हा बदल फुकटात पडतो.

आणि मग फिल्म. फिल्म वाईट नाही, तिची किंमत मात्र आधी मोजा. लेन्सचा कोन आणि फिल्मचा कोन यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढलं की नव्या बीमचा ढोबळ अंदाज येतो. २४ अंशांच्या लेन्सवर १० अंशांची फिल्म लावली तर २६ अंश होतात आणि मध्याची तीव्रता साधारण १५ टक्क्यांनी उतरते. १५ अंशांच्या लेन्सवर तीच फिल्म लावली तर १८ अंश होतात आणि तीव्रता ३० टक्क्यांनी पडते. फिल्ममध्ये शोषला-परतलेला प्रकाश वेगळाच. रुंद बीमला फिल्म चालते, अरुंद बीमचं ती वाटोळं करते.

‘कड घालवा आणि बीमही अरुंद करा’

ही मागणी हमखास येते, म्हणून हिशेब हाताशी ठेवा. एलईडीचा सगळा प्रकाश पकडायचा असेल तर बीमच्या अर्ध्या कोनाची साइन ही स्रोताच्या व्यासाला लेन्सच्या व्यासाने भागून मिळणाऱ्या आकड्याखाली जाऊ शकत नाही. ९ मिलिमीटरचा स्रोत, ५० ची लेन्स: ०.१८, म्हणजे अर्धा कोन सुमारे १०.४ आणि पूर्ण सुमारे २१ अंश. १४.५ मिलिमीटरचा सीओबी त्याच लेन्समागे ठेवला तर पूर्ण कोन ३४ अंशांच्या आसपास जातो. आकार कितीही हुशारीने काढा, ही मर्यादा ओलांडता येत नाही. मध्याच्या तीव्रतेलाही तशीच कमाल मर्यादा आहे: ल्युमेन भागिले पाय (π), गुणिले व्यासांच्या गुणोत्तराचा वर्ग. १००० ल्युमेन, ९ आणि ५० मिलिमीटर असतील तर सुमारे ९,८०० कँडेला, आणि तेही लेन्समध्ये काहीच प्रकाश हरवला नाही असं धरून. त्या मर्यादेच्या जवळ पोहोचलेल्या लेन्समध्ये रंग मिसळायला वाव उरत नाही. मिसळणं म्हणजे पसरवणं, आणि पसरवायला जागा हवी. म्हणून अरुंद बीम आणि स्वच्छ कड दोन्ही हवं असेल तर स्रोत लहान घ्या किंवा लेन्स मोठी. तिसरा मार्ग सांगणाऱ्याकडून आधी नमुना मागा.

सिम्युलेशनमध्ये कड का दिसली नाही

कारण बहुधा तुम्ही लक्सचा, म्हणजे नुसत्या उजेडाच्या प्रमाणाचा नकाशा पाहत होता. ४५० नॅनोमीटरला डोळ्याची संवेदनशीलता ५५५ च्या तुलनेत फक्त ०.०३८ असते. कडेला निळा गायब झाला तरी लक्समध्ये जेमतेम फरक पडतो, रंगात मात्र धडधडीत पडतो. त्यामुळे लक्सचा आलेख गुळगुळीत, फोटोमेट्रीची फाइल देखणी, आणि भिंत पिवळी. प्रयोगशाळेचा अहवाल दाखवून ग्राहकाशी वाद घालू नका. त्या अहवालात हा दोष दिसायची सोयच नसते.

एलईडी उत्पादकाकडे निळ्या आणि पिवळ्या प्रकाशाच्या वेगळ्या रे-फाइल (एलईडीतून निघणाऱ्या किरणांच्या जागा आणि दिशांची यादी) मिळत असतील तर त्याच मागा. दोन्ही वेगवेगळ्या चालवा, योग्य प्रमाणात एकत्र करा आणि नकाशा रंगाचा काढा. एकाच रंगाची फाइल किंवा नुसता कोसाइन स्रोत वापरला तर कड येणं शक्यच नाही, मग ती दिसणार कुठून? दुसरं, रे-फाइलमधले किरण एलईडीभोवतीच्या एका काल्पनिक पृष्ठभागावरून सुरू होतात. लेन्सचा खालचा भाग त्या पृष्ठभागाच्या आत शिरला असेल तर नेमके सर्वात तिरके, सर्वात पिवळे किरण लेन्सच्या पलीकडून जन्माला येतात. सॉफ्टवेअर चूक दाखवत नाही, निकाल फक्त अवास्तव छान येतो. तिसरं, किरणांची संख्या. गोंगाट संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात उतरतो. एका चौकटीत १ टक्का अचूकता हवी तर तिथे १०,००० किरण पोहोचले पाहिजेत, आणि १०० बाय १०० चौकटींच्या नकाशाला हे १० कोटी किरण होतात. दहा लाखांवर काढलेल्या नकाशात कड आणि गोंगाट वेगळे ओळखता येत नाहीत.

साच्यातून आलेली लेन्स मॉडेलसारखी नसते, हेही धरून चाला. जाड भाग थंड होताना आकसतो आणि पृष्ठभाग किंचित खचतो. मधलं भिंग आणि बाजूची भिंत जिथे मिळतात ती धार मॉडेलमध्ये टोकदार असते, खऱ्या लेन्समध्ये गोलसर. त्या गोलाईवर पडलेला प्रकाश कुठेही जातो. पहिल्या नमुन्याची ती धार भिंगाखाली पाहून तिची त्रिज्या मॉडेलमध्ये घाला, मग सिम्युलेशनचा निकाल भिंतीवर दिसणाऱ्या चित्राच्या जवळ येऊ लागतो.

पुढच्या लॉटसाठी

आवक तपासणीसाठी एक साधी चौकट करून ठेवा: एक ठरलेली लेन्स, ठरलेली उंची, ठरलेलं अंतर, कुलूपबंद कॅमेरा. प्रत्येक लॉटमधले काही एलईडी त्यात लावून फोटो काढायचे आणि मान्य झालेल्या नमुन्याच्या फोटोशेजारी ठेवायचे. ही लेन्स मुद्दाम फिल्म आणि टेक्स्चरशिवायची ठेवा, म्हणजे दोष लपणार नाही. एलईडी पुरवठादाराला बिनबरोबरच कोनानुसार रंगाचा आलेख मागा आणि फॉस्फरची प्रक्रिया किंवा चिपांची मांडणी बदलली तर आधी कळवायला लेखी सांगा. बरेच पुरवठादार आलेख देतात, पण मागितल्याशिवाय नाही.

फोटो दोनदा घ्या: दिवा लावल्या लावल्या एक, आणि तापमान स्थिर झाल्यावर एक. थंड असताना कड नाही आणि तासाभराने आहे, असं आढळलं तर रंग सोडा आणि पाय तपासा. पीएमएमए ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतं, लेन्सचे पाय स्प्रिंगच्या दाबाखाली दबतात आणि उंची उतरते. काही काळाने ती थंड असतानाही परत वर येत नाही. त्या दिव्यात पॉलिकार्बोनेटचा होल्डर घालून लेन्सचा भार पायांऐवजी बाहेरच्या कडेवर घ्यावा लागतो, किंवा लेन्सच सिलिकोनची घ्यावी लागते. सिलिकोनचा अपवर्तनांक १.४१ असल्याने क्रांतिक कोन, म्हणजे ज्यापुढे प्रकाश पूर्ण परावर्तित होतो तो, ४५ अंशांवर जातो, म्हणून पीएमएमएसाठी काढलेला आकार तसाच वापरता येत नाही. लेन्सची बाजूची भिंत नव्याने आखावी लागते.